टिकल्या

गाडी म्हणजे तेरा वर्षं पोरं शाळेला नेऊन थकलेला ट्रॅव्हलर,
मच्छेच्या भंगारवाल्याकडून घेतलेला.
आणि पलंग म्हणजे छताला चिकटून बसणारी फळी,
दिवसा वर, रात्री खाली,
दोन पट्टे, चार पुली, दोन गॅसच्या नळ्या.
सगळं यांनीच केलं, उद्यमबागेतून रिटायर झाल्यावर,
कागदावर एक रेघ न ओढता.

पहिल्या फेरीला जांबोटीपर्यंत पलंग बोलत राहिला.
मी म्हटलं, "वाजूलंय."
हे म्हणाले, "काय?"
मी ओरडून, "वाजूलंय!"
हे म्हणाले, "कुठं?"

यांना कुठं कळणार.
चौतीस वर्षं ओतीव लोखंडाच्या कडा घासल्या यांनी,
ग्राइंडरनं आधी कडा गेल्या, मग कान.
ढोल ऐकतात. बारीक काही नाही.
माझ्या बांगड्या आपटल्या तरी मान वर होत नाही.

मग ठरलं, हे चालवणार, मी वर आडवी,
पिरनवाडीच्या पुढं, जिथले खड्डे भरवशाचे.
जिथं आवाज, तिथं टिकली लावायची.
पोलिसानं बघितलं असतं तर काय सांगितलं असतं?
एक बाई, वय एकसष्ट,
चालत्या गाडीत छताखाली पालीसारखी,
हातात मरून टिकल्यांचं पाकीट.

पण माझं माहेर वडगावचं, मागाचं.
चार माग एकदम धडधडताना
कुठला धोटा बिघडला ते मी अंगणातून सांगायची.

मागची बिजागरी: सोऱ्या पिळावा तशी. टिकली.
फळीची डावी कड: नवी चप्पल. टिकली.
पुढची खिटी: पेल्यातली सासूबाईंची कवळी,
रात्री कुणी टेबलाला धक्का दिला की. टिकली.
वेग वाढला की पट्टाच गुणगुणतो, त्याला टिकली कुठं लावू?

घरी येऊन हे कंदील धरून बघत बसले.
कवळी म्हटल्यावर हसले. मग हसायचे थांबले,
आणि खिटीत सायकलच्या ट्यूबची चकती बसवली.
फळीच्या कडेला मेणबत्ती घासली, दोन्ही बाजूंनी, जत्रेतल्या बैलाच्या शिंगासारखी.
बिजागरीला रविवार पेठेतले नायलॉनचे वॉशर.
पुलीखाली लाल फेल्ट, शहापूरच्या पेटीवाल्याकडचा,
त्यानं पैसे घेतले नाहीत, कशाला हवा ते मात्र तीनदा विचारलं.
पट्ट्याला फक्त अर्धा पीळ दिला. गप्प झाला.

परत पिरनवाडी. परत मी वर.
एकेक टिकली सोलून कपाळाला लावत गेले, वाया कशाला घालवायच्या,
पाचव्या दिवशी एकच उरली.

ती चौकोनी पाइपावर.
ब्रेक दाबला की टक. गाडी उचलली की परत टक.
इरप्पाला बोलावलं, त्यानंच वेल्डिंग केलेलं.
पाइपाला कान लावून म्हणाला,
"वळगडे सप्पळ अक्का, आतूनच."
वेल्डिंगचा मणी आत पडलेला, दोन्ही तोंडं बंद.
भोक पाडू या, तो म्हणाला. फोम मारू या.
हे ड्रिल शोधायला गेले.

मी म्हटलं, थांबा.
यांचा हात धरून पाइपावर ठेवला
आणि इरप्पाला चावी दिली.
तो चालवतो म्हणजे काय, म्हशी उधळल्यासारखा.
किणयेच्या वळणाला त्यानं कचकन ब्रेक मारला.

टक.

यांनी माझ्याकडं बघितलं.
तळहात तसाच.
"हा व्हय?"
"हा."
"मग हा तर येऊलंय की मला."

ड्रिल अजून पिशवीत आहे.
ती शेवटची टिकली उन्हानं विटली, अर्धी सुटली,
हे जाता येता अंगठ्यानं दाबून बसवतात.
रात्री गाडी उभी असते तेव्हा काहीच वाजत नाही,
तरी हे कुशीवर वळताना
हात वर नेऊन पाइप चाचपतात,
आणि मला विचारतात,
"आता?"
मी म्हणते, "झोपा."